पंख्याचा आवाज माइकमध्ये येतोय: व्होल्टेज कमी करू की पीडब्ल्यूएमचे नवे पंखे घेऊ?

मुक्ता_वाचते (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. मी घरून ऑडिओबुकं वाचते. खोली छोटी आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी खिडकी बंद, छताचा पंखा बंद, दारावर दोन गोधड्या. एवढं करून उरतो तो टेबलाखालचा कॅबिनेट. कंडेन्सर माइक आहे, तो काही सोडत नाही.

मशीन असं आहे: रायझन ५ ३६००, त्याच्यासोबत आलेलाच कूलर, बी४५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, बिनपंख्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेटसोबत आलेले १२० मिमीचे तीन पंखे आहेत, पुढे दोन आणि मागे एक. तिघांनाही तीन पिनांचा कनेक्टर. मशीन जोडून देणाऱ्याने ते मोलेक्सवरून (वीज देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) थेट एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) लावलेत, त्यामुळे चालू केल्यापासून बंद करेपर्यंत पूर्ण वेगात.

दुकानात विचारलं तर म्हणाले, हे काढून टाका, चार पिनांचे पीडब्ल्यूएम (वेगळ्या सिग्नलने वेग बदलणारे) घ्या, विषय संपला. भाऊ म्हणतो, आहेत तेच बोर्डाला लाव आणि व्होल्टेज कमी कर, फुकटात होईल. एका व्हिडिओत मोलेक्सच्या तारा अदलाबदल करून पंखा ७ व्होल्टवर चालवलेला पाहिला. तिघांचं तीन तऱ्हेचं.

बोर्डावर सीपीयू-फॅन सोडून सिस-फॅन नावाच्या दोन जागा आहेत, दोन्ही चार पिनांच्या. तीन पिनवाला त्यात बसतो का? बसला तर वेग कमी होतो का? आणि माइकच्या दृष्टीने दोन्हींत शांत काय? गेमिंग करत नाही, फार तर रात्री फायली एक्स्पोर्ट करते.

---

गेमरपंत (पुणे)

दुकानदार बरोबर बोलतोय. पीडब्ल्यूएम घ्या. चांगला पंखा २०% सिग्नलवर ३००-४०० आरपीएमला (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी) निवांत फिरतो. व्होल्टेजवाला निम्म्याच्या खाली गेला की एक तर थांबतो, नाहीतर सुरूच होत नाही. २००५ च्या आसपासचं तंत्र आहे, आता त्यात कशाला अडकायचं?

---

रेझिस्टरकाका (सांगली)

पंत, तुमचा पहिला मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. ताईंच्या प्रश्नात ‘माइक’ हा शब्द आहे, तिथेच सगळं फिरतं.

आधी साधी गोष्ट. तीन पिनांचा कनेक्टर चार पिनांच्या जागेत बसतो. बोर्डावर पिनांच्या मागे जी प्लास्टिकची जीभ असते ती पहिल्या तीन पिनांपुरतीच असते, त्यामुळे चुकीचा लागतच नाही. चौथी पिन बाहेर मोकळी राहते. पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी टॅक, म्हणजे पंखा किती फिरतोय ते बोर्डाला सांगणारी. दर फेरीला दोन पल्स. ७५० आरपीएमला सेकंदाला २५ पल्स येतात, त्यावरून बायोस (बोर्डाचा सेटिंगचा पडदा) आकडा दाखवतं. चौथी पिन म्हणजे पीडब्ल्यूएमचा हुकूम.

आता फरक. व्होल्टेजच्या पद्धतीत बोर्ड दुसऱ्या पिनवरचे १२ व्होल्टच कमी करतो: ९ देतो, ७ देतो. मोटर हळू होते. पण त्याच व्होल्टेजवर पंख्याच्या पोटातलं सर्किटही चालतं. लोहचुंबक कुठे आला ते ओळखणारा हॉल सेन्सर आणि कॉइल पाळीपाळीने चालू-बंद करणारी आयसी, दोन्ही त्याच पुरवठ्यावर जगतात. फार खाली गेलात की मोटर दमायच्या आधी हे सर्किटच गप्प होतं. म्हणून बहुतेक १२ व्होल्टचे पंखे ५ ते ७ च्या दरम्यान कुठेतरी सुरू व्हायचे थांबतात. पंत म्हणाले ते हेच.

पीडब्ल्यूएममध्ये दुसऱ्या पिनवर कायम १२ व्होल्ट असतात. चौथ्या पिनवर सेकंदाला २५ हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल येतो, आणि पंख्यातली आयसी त्या मापाने कॉइलला करंट देते. झोपाळ्याला मध्येमध्ये हात लावत राहावं तसं: प्रत्येक धक्का पूर्ण ताकदीचा, किती वेळ लावायचा तेवढं बदलायचं. सर्किट उपाशी राहत नाही, टॅक बरोबर येतो, वेग खूप खाली नेता येतो. चौथ्या पिनची तार तुटली तर पंखा पूर्ण वेगाने धावतो. इंटेलच्या मूळ तपशिलातच ते तसं ठेवलंय, बिघाड झाला तरी प्रोसेसर वाचावा म्हणून.

२५ किलोहर्ट्झच का? माणसाचा कान २० च्या पुढे ऐकत नाही. मापदंडात २१ ते २८ पर्यंत चालतं. पण ते झालं सिग्नलचं. स्वस्तातल्या पीडब्ल्यूएम पंख्यांत आतली आयसी कॉइलला करंट फार धारदार कापते, आणि कमी ड्यूटीला (सिग्नल थोडाच वेळ चालू असताना) कान जवळ नेला की बारीक ‘टिक-टिक’ किंवा ‘र्रर्र’ ऐकू येतं. हवेच्या आवाजात एरवी दडून जातं. ८०० आरपीएमच्या खाली हवा गप्प होते आणि ते उरतं. माइकला हवेचा ‘शूऽऽ’ फारसा नडत नाही, टिक-टिक नडते. व्होल्टेजवर चालणाऱ्या पंख्यात हा प्रकार जवळजवळ नसतो, कारण करंट सलग आहे.

म्हणून ताई, नवे घ्यायची घाई करू नका. आहेत ते पंखे बोर्डावर लावा, बायोसमध्ये त्या जागेचा मोड ‘ऑटो’ न ठेवता हाताने ‘डीसी’ किंवा ‘व्होल्टेज’ करा. ‘पीडब्ल्यूएम’ राहिला तर तीन पिनवाला पूर्ण वेगानेच पळणार, कारण ऐकायला चौथी पिनच नाही. वरून लोक म्हणतात बोर्ड खराब.

सात व्होल्टवाला व्हिडिओ विसरा. त्यात पंख्याची काळी तार ग्राउंडऐवजी ५ व्होल्टला लावतात, म्हणजे १२ उणे ५ सात. चालतं, नाही असं नाही. पण पंख्याचा करंट ५ च्या लाइनमध्ये उलटा शिरतो, आणि पंखा आतून शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट त्या लाइनवर. तुमची एसएसडी त्याच ५ वर आहे. शिवाय अशा पंख्याची टॅकची तार बोर्डाला कधीही लावायची नाही, त्याचं ग्राउंडच पाच व्होल्ट वर बसलेलं असतं.

आधी एवढं बघून सांगा: मोड मिळतो का, आणि पंखा कुठे थांबतो.

---

मुक्ता_वाचते

काका, खूप आभार. मोड मिळाला. दोन्ही जागांना ऑटो, पीडब्ल्यूएम, डीसी असे पर्याय आहेत. मागचा पंखा सिस-फॅन-२ ला लावला, पुढचे दोन एका वाय-केबलने सिस-फॅन-१ ला.

बायोसमध्ये हळूहळू खाली नेत बसले. मागचा पूर्ण वेगात ११८० च्या आसपास, ६०% ला ७६०, आणि ४०% ला आकडा एकदम शून्य. तिथून वर नेताना ४५ ला सुरू व्हायला हवा होता, पण झाला ५५ ला. हे असं का?

आवाज प्रचंड कमी झालाय. पण आता दोन नवीन तक्रारी. एक, पुढच्या बाजूने ‘वूं-वूं-वूं’ असं लाटांसारखं येतं, हेडफोनमध्ये स्पष्ट. दोन, वाचताना मध्येच कुठलातरी पंखा एकदम चढतो आणि दोन सेकंदांत उतरतो. नॉइज रिडक्शनने पहिला आवाज बराच जातो, हा दुसरा अजिबात नाही.

---

रेझिस्टरकाका

४० आणि ५५ चं सांगतो. फिरत्या पंख्याला फिरत ठेवायला थोडं पुरतं; उभ्याला हलवायला जास्त लागतं, बेअरिंगचं वंगण आणि चुंबकाची पकड मोडायची असते. ४०% म्हणजे ४.८ व्होल्ट, ५५ म्हणजे ६.६. तुमच्या बायोसमधला किमान आकडा ५५ च्या वरचाच हवा, मी ६० ठेवला असता. नाहीतर एखाद्या सकाळी पंखा ५० वर गुपचूप उभा राहील, थोडा करंट खात बसेल, आणि तुम्हाला वाटेल वा, आज किती शांत. हिवाळ्यात वंगण घट्ट होतं, तेव्हा हा आकडा आणखी वर सरकतो. डोंबिवलीत तेवढी थंडी नाही म्हणा.

आता वूं-वूं. हे मला आवडलं, कारण हे कॅबिनेट उघडून सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्यांना कधी कळत नाही, ऐकणाऱ्यालाच कळतं. पुढचे दोन पंखे एकाच व्होल्टेजवर आहेत, पण एकाच वेगावर नाहीत. एकाच पेटीतून आलेल्या दोन पंख्यांत १०% पर्यंत फरक चालतो, कंपन्याच तसं लिहितात. समजा एक ७८० ला, दुसरा ८२० ला. पाती सात धरा. पहिला सेकंदाला ९१ वेळा हवा कापतो, दुसरा ९५-९६ वेळा. दोन्ही सूर एकत्र आले की फरकाइतके, म्हणजे सेकंदाला साडेचार-पाच, ठोके पडतात. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आल्या की ऐकू येतात तेच. तुमचा हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला असेल तर हे त्याच्या वर राहतं, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये उरतं.

यावर पीडब्ल्यूएम औषध नाही, हे पंतांनी ऐकावं. दोन्हींना ४०% हुकूम दिला तरी वेगातला फरक तसाच. उपाय दोन. दोघांचे वेग मुद्दाम लांब करायचे, म्हणजे एक ७०० आणि एक ९००. ठोके इतके जलद होतात की कानाला वेगळे कळत नाहीत. पण ते वेगळ्या जागांवर असतील तरच. किंवा पुढचा एक काढून टाका. ६५ वॅटचा प्रोसेसर, बिनपंख्याचं कार्ड, कामही हलकं. एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा, पुष्कळ झालं. काढाल तो वरचा काढा. खालचा राहू द्या, तो ग्राफिक्स कार्डाकडे हवा नेतो. वरच्या मोकळ्या भोकावर आतून जाड पुठ्ठा लावा, नाहीतर हवा तिथूनच फिरून परत येईल.

मध्येच चढणारा पंखा सिस-फॅन नाही, तो प्रोसेसरचा. ३६०० चं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, नुसतं ब्राउझर उघडलं तरी. बायोसची वक्ररेषा त्या उडीमागे धावते. तिथे ‘स्टेप-अप’ किंवा ‘फॅन डिले’ असं काहीतरी असेल, ते जास्तीत जास्त करा. रेषा ७० अंशांपर्यंत सपाट ठेवा, मग चढू द्या. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, ७० ला घाबरण्यासारखं काही नाही. तो पंखा चार पिनांचा आहे, त्याला पीडब्ल्यूएमवरच ठेवा, त्याला डीसी करू नका. प्रोसेसरच्या पंख्याला कमी वेगात खात्रीने फिरणं आणि गरज पडली की झटकन चढणं, दोन्ही हवं, आणि तिथे पीडब्ल्यूएमला तोड नाही.

तुमच्या कामात कमी आवाजापेक्षा एकसारखा आवाज मोलाचा. नॉइज रिडक्शन आधी नमुना घेतं आणि तोच वजा करतं. पंखा बदलला की नमुना खोटा. म्हणून सिस-फॅनना तापमानाशी बांधूच नका. ६०% ची सरळ आडवी रेषा. रेकॉर्डिंग सुरू करायच्या दहा मिनिटं आधी मशीन चालू करून ठेवा, वंगण गरम झालं की वेग थोडा वाढतो आणि मग स्थिर होतो.

---

डिप्लोमा_थर्ड_इयर (लातूर)

काका, मध्येच घुसतो. मी अर्डुइनोवर (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) पंख्याचा कंट्रोलर करतोय. तीन पिनांचा पंखा आहे, ग्राउंडच्या तारेत मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकून अ‍ॅनलॉग-राइटने पीडब्ल्यूएम देतोय. वेग कमी होतो पण पंखा गुणगुणतो आणि टॅक काहीही दाखवतो, कधी ४००० कधी ०. कोड चुकलाय का?

---

रेझिस्टरकाका

कोड ठीक, जागा चुकली. अर्डुइनो ऊनोचा नेहमीचा पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, ५ आणि ६ नंबरच्या पिनांवर ९८० चा. दोन्ही कानाच्या अगदी लाडक्या पट्ट्यात. तेच गुणगुणणं. आणि तू पंख्याचा पुरवठाच सेकंदाला पाचशे वेळा तोडतोयस, म्हणजे हॉल सेन्सरही पाचशे वेळा मरतो आणि जन्मतो. टॅक खोटा येणारच.

चार पिनांचा पंखा घे. १२ व्होल्ट सरळ दे, चौथ्या पिनला सिग्नल दे, टायमर-१ ची रजिस्टरं लावून २५ किलोहर्ट्झ कर; मग ९ किंवा १० नंबरची पिन वापर. चौथी पिन पंख्याच्या आतून वर ओढलेली असते, म्हणून ओपन-ड्रेन पद्धतीने, छोट्या ट्रान्झिस्टरने ती खाली ओढायची. ट्रान्झिस्टरने सिग्नल उलटा होतो, तेवढं कोडमध्ये सांभाळ. टॅकच्या तारेला ५ व्होल्टवर १० किलोओमचा पुल-अप, नाहीतर काहीच दिसणार नाही. तीन पिनवालाच वापरायचा हट्ट असेल तर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) कर. मॉस्फेटच्या पुढे इंडक्टर, डायोड आणि कपॅसिटर आला की पंख्याला सलग डीसी मिळतो, आणि मग तू ताईंच्या बोर्डाचंच काम करतोयस.

तारांच्या रंगावर जाऊ नकोस. तीन पिनांच्या बऱ्याच पंख्यांत लाल १२ व्होल्ट आणि पिवळी टॅक असते. चार पिनांच्या इंटेल पद्धतीच्या पंख्यांत पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, हिरवी टॅक, निळी पीडब्ल्यूएम. आणि आता निम्म्या पंख्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. पिन मोजायची, रंग नाही.

---

गेमरपंत

ठीक आहे काका, माइकसाठी तुमचं ऐकतो. पण सगळ्यांनी हे वाचून एका डीसी जागेवर चार-चार पंखे लटकवू नयेत म्हणून सांगतो. व्होल्टेज कमी करताना बऱ्याच बोर्डांवर उरलेले व्होल्ट उष्णतेत जातात. ६ व्होल्टवर पंखा ०.१ अँपिअर घेत असेल तर तितकाच, ०.६ वॅट, बोर्डावरच्या त्या चिमुकल्या भागात जळतो. चार पंखे म्हणजे अडीच वॅटच्या जवळ. मित्राच्या बोर्डावर तिथे बोट ठेवता येत नव्हतं. बोर्डावरच्या जागेची मर्यादा बहुतेक १ अँपिअर असते, तीही सुरू होतानाचा झटका धरून. पीडब्ल्यूएमला हब (अनेक पंखे एकत्र जोडायची पट्टी) लावा, वीज एसएमपीएसच्या साटा कनेक्टरवरून घ्या, बोर्डाकडून नुसता सिग्नल. सात-आठ पंख्यांचा कॅबिनेट असेल तर दुसरा पर्यायच नाही.

---

रेझिस्टरकाका

शंभर टक्के. पाच-सहा पंखे, ग्राफिक्स कार्ड तापतंय, वेग सतत वरखाली, तिथे मीही पीडब्ल्यूएमच सांगीन. माझ्या दुकानात येणाऱ्या गेमिंगच्या मशीनना तेच लावतो.

एक पुस्ती. जुन्या आणि स्वस्त बोर्डांवर चार पिना दिसतात पण चौथीवर कायमचे ५ व्होल्ट असतात, पीडब्ल्यूएम नसतोच. वेग व्होल्टेजनेच बदलतो. नवा पंखा घ्यायच्या आधी मल्टिमीटर लावून बघा: काळी प्रोब पहिल्या पिनला, लाल दुसऱ्या पिनला, बायोसमध्ये आकडा खाली ओढा. १२ चे ७ झाले तर व्होल्टेज, १२ चे १२ राहिले तर पीडब्ल्यूएम. प्रोब घसरून दुसरी-तिसरी पिन जोडली जाऊ देऊ नका, १२ व्होल्ट टॅकच्या पिनवर गेले तर वेग वाचणारी चिप जायची.

---

मुक्ता_वाचते

पुढचा वरचा काढला, पुठ्ठा लावला, वूं-वूं गेलं. प्रोसेसरची रेषा ७० पर्यंत सपाट केली. तासभर वाचून झाल्यावर प्रोसेसर ५८ अंश, खोलीत माझंच तापमान जास्त होतं. रात्रीच्या एक्स्पोर्टला ७६ पर्यंत गेलं, तेव्हा पंखा वाजला तरी चालतो.

एकच शंका. काढलेला पंखा उन्हाळ्यात परत लावायचा झाला तर? वाय-केबलवर दोघे असताना बायोस कधी ७९०, कधी १५०० दाखवत होतं. पंखा तर तेवढा पळत नव्हता.

---

रेझिस्टरकाका

तुमच्या वाय-केबलमध्ये दोन्ही पंख्यांच्या टॅकच्या तारा एकत्र जोडल्यात. दोघांचे पल्स एकात एक मिसळतात, बोर्ड सगळे मोजतो. चांगल्या केबलमध्ये दोनपैकी एका तोंडाला तिसरी पिन मुद्दाम रिकामी ठेवलेली असते.

नवी घ्यायची गरज नाही. एका तोंडाची तिसरी तार ओळखा, कनेक्टरच्या बाजूला छोटी खिडकी दिसेल, त्यात सुईने आतली पत्री दाबा आणि तार मागून हलकेच ओढा, अख्खी पिन बाहेर येईल. तिला इन्सुलेशन टेप गुंडाळून केबललाच बांधून ठेवा. ज्या तोंडाची पिन ठेवाल तिथे जुना, जास्त झिजलेला पंखा लावा. थांबलाच तर तो आधी थांबेल, आणि बायोसला निदान कळेल.